ब्लॉकबस्टर घसरले? हो, पण तंत्रामुळे नाही

आजचे ब्लॉकबस्टर पूर्वीपेक्षा दिसायला वाईट झालेत का, हा वाद निघाला की 1975 च्या ‘जॉज’समोर लोक यंदाचा सगळ्यात पडेल सिनेमा उभा करतात. त्या काळातले पडेल सिनेमे आज कुणाला आठवतही नाहीत, त्यामुळे ही तुलनाच चुकीची. ते लक्षात घेऊनही माझं मत पक्कं आहे: घसरण झाली आहे, आणि ती शूटिंगच्या आधी निर्णय घेण्यात झाली आहे.

‘ज्युरासिक पार्क’ (1993) घ्या. दोन तासांहून मोठ्या सिनेमात डायनासोर पडद्यावर असतात जेमतेम 15 मिनिटं, आणि त्यातही संगणकावर केलेला भाग निम्म्याहून कमी. बाकीचं काम स्टॅन विन्स्टन यांच्या टीमने बनवलेल्या यांत्रिक प्राण्यांचं. पावसातल्या टी-रेक्सच्या प्रसंगात त्या यंत्राच्या फोमच्या कातडीत पाणी मुरायचं, वजन वाढायचं आणि अख्खं धूड थरथरायला लागायचं. मग टॉवेलने टिपून ते कोरडं करत बसायचं. इतका व्याप असला की कॅमेरा कुठे, यंत्र कुठल्या शॉटला आणि सीजी (संगणकावर बनवलेली दृश्यं) कुठल्या शॉटला, हे आधीच ठरवावं लागतं. शिवाय रात्र आणि पाऊस. ओल्या कातडीवर एका बाजूने प्रकाश चकाकतो, उरलेलं अंधारात जातं, आणि सीजी प्राणी त्यात बेमालूम मिसळतो.

याउलट, मागे काय दाखवायचं ते नंतर बघू म्हणत कलाकाराला ग्रीन स्क्रीनसमोर, म्हणजे नंतर काढून टाकायच्या हिरव्या पडद्यासमोर, उभं केलं, की सूर्य कुठल्या बाजूला तेच ठरलेलं नसतं. मग सगळीकडून मऊ, सपाट प्रकाश दिला जातो, कारण असा शॉट कुठल्याही पार्श्वभूमीवर खपून जातो. परिणाम समोर दिसतो: मागे भर दुपारचं ऊन आणि चेहऱ्यावर ढगाळ हवा. पायाखाली सावली नाही. पडद्याचा हिरवा रंग केसांच्या कडांवर उतरतो, तो काढताना त्या कडा मळकट होतात. याचा राग व्हीएफएक्स (संगणकावरच्या दृश्य करामती) करणाऱ्या कलाकारांवर काढणं मला अन्यायाचं वाटतं. सेटवर कुणी ठरवलाच नाही तो प्रकाश त्यांनी आणायचा कुठून? त्यात रिलीज तोंडावर आल्यावर शेवट बदलला की महिन्यांचं काम आठवड्यांत उरकावं लागतं.

संगणकानेच वाट लावली, हेही मला मान्य नाही. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (2015) मध्ये सुमारे 2,000 व्हीएफएक्स शॉट आहेत आणि सुमारे 2,700 कट. तरी कुठे गोंधळ होत नाही. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी हा सिनेमा आधी स्टोरीबोर्डच्या, म्हणजे शॉट दाखवणाऱ्या रेखाटनांच्या, साधारण 3,500 चौकटींत काढून घेतला होता. महत्त्वाची गोष्ट फ्रेमच्या मधोमध ठेवायची हे ठरलेलं होतं, त्यामुळे कट झाला तरी नजरेला शोधाशोध करावी लागत नाही. गाड्या नामिबियाच्या वाळवंटात खरोखर पळवल्या. ऊन खरं, धूळ खरी, आणि संगणकाने त्यावर भर घातली.

पुढचा मोठा सिनेमा बघाल तेव्हा एखाद्या मारामारीत आवाज बंद करा आणि फक्त दोन गोष्टी पाहा: पाय जमिनीला टेकलेले वाटतात का, आणि चेहऱ्यावरचा प्रकाश मागच्या आकाशाशी जुळतो का. जुन्यांनाही हीच कसोटी लावा. तिथेही कडांभोवतीच्या काळ्या रेघा आणि गाडीच्या काचेमागे डुगडुगणारा रस्ता भरपूर सापडेल.