झाडूच्या दांड्याबद्दल: एक स्टार देणाऱ्या रोडस्टरवाल्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. स्टार एक, तक्रारी चार. सीटमागे कंपनीचे हूप (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पाइपच्या कमानी) असलेली तुमची महागडी, उघड्या टपाची रोडस्टर आम्ही झाडूच्या दांड्याने तपासून ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने चालवायच्या दिवसासाठी, नापास केली. त्याच सकाळी चौदा वर्षांची जुनी सेडान मात्र पास केली. बुकिंगचे १२ हजार परत दिले नाहीत. आणि आमचा पोरगा हसला.

शेवटच्या दोन तक्रारी आधी घेतो, कारण तिथे चूक आमची आहे. बुकिंगच्या फॉर्मवर ‘गाडीची तपासणी होईल’ एवढंच छापलं होतं. उघड्या टपाच्या गाडीला वेगळा नियम लागतो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि पैसे घेतल्यावर तो नियम दाखवायचा ही काही रीत नव्हे. काल संध्याकाळी पूर्ण रक्कम परत पाठवली आहे, फॉर्मही बदलला. पोराला बोललो. तो तुम्हाला नव्हे, दांड्याला हसत होता म्हणतो, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना हसायचं नाही हे त्याला कळायला हवं.

आता दांडा. तो आमच्या कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये लागलेला शोध नाही. परदेशात याला ब्रूमस्टिक टेस्टच म्हणतात. दांड्याचं एक टोक सीटमागच्या हूपच्या माथ्यावर, दुसरं पुढच्या काचेच्या फ्रेमवर. ड्रायव्हर हेल्मेट घालून, बेल्ट लावून, नेहमी चालवतो तसा बसलेला. गाडी उलटी झाली तर दांड्याच्या जागी जमीन असते, एवढाच याचा अर्थ. हेल्मेट त्या रेषेच्या खाली राहायला हवं. किती खाली, हे प्रत्येक आयोजक आपापलं ठरवतो. आम्ही दोन इंच मागतो, कारण उलटताना काचेची फ्रेम दबते, ट्रॅकच्या कडेची मऊ माती हूपला आत घेते आणि बेल्ट ताणून माणूस सीटवरून थोडा सुटतो.

तुम्ही हेल्मेटशिवाय बसलात तेव्हा डोकं आणि दांडा यांत दोन बोटं जात होती. हेल्मेट चढवलंत आणि दांडा तुमच्या टाळूवर टेकला, पुढचं टोक काचेच्या फ्रेमवरून बोटभर उचललं गेलं. आरशात तुम्हीही पाहिलंत.

‘कंपनीचे इंजिनिअर मूर्ख आहेत का’ असं विचारलंय. अजिबात नाहीत. त्यांनी हूप रस्त्यावरच्या माणसासाठी बनवले, आणि रस्त्यावर कारमध्ये कोणी हेल्मेट घालत नाही. १९८९च्या मर्सिडीज एसएलमध्ये तर हूप लपलेला असायचा आणि गाडी उलटतेय असं कळताच ०.३ सेकंदात उभा राहायचा. कौतुकाची गोष्ट आहे. पण डोक्यावर हेल्मेटची जाडी चढली की हिशेब बदलतो. जानेवारीत तुमच्याच मॉडेलची गाडी आम्ही पास केली होती. चालवणाऱ्या बाई पाच फूट तीन इंच. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दिवसभर मजेत चालवून आल्या. तेव्हा तुमची गाडी एकटी नापास झालेली नाही. गाडी आणि तुमची सहा फूट उंची, दोघांचा मिळून तो निकाल आहे.

सेडानला डोक्यावर पत्रा आणि तो धरणारे खांब आहेत. टप वर लावून चालवतो म्हणालात, पण कापडी टप पाऊस अडवतो, गाडीचं वजन नाही.

रिव्ह्यूत तुम्ही दुसऱ्या फेरीबद्दल लिहिलेलं नाही. मी लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणी तोच खर्च करायला निघालेलं असेल. आठ दिवसांनी तुम्ही बाहेरून स्टेनलेस स्टीलचा बार, म्हणजे हूपचंच काम करणारी पाइपची कमान, बसवून आणलात. दिसायला झकास, अगदी आरशासारखा. तुमच्या परवानगीने मी त्याला खालच्या बाजूला ५ मिमीचं भोक पाडलं आणि जाडी मोजली. भरली १.६ मिमी. भोकातून वाकवलेली तार आत फिरवली तर जोडाची शिवण लागली, म्हणजे पत्रा वळवून वेल्ड केलेला पाइप. जिन्याच्या कठड्याला तो उत्तम. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य हूपला विनाजोड, न तापवता ओढून बनवलेला कार्बन स्टीलचा पाइप लागतो, ४५ मिमी व्यासाला २.५ जाडी किंवा ५० ला २. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, ते कलम आपल्याला बंधनकारक नाही. पण आमचे बार आम्ही त्याच मापाने बनवतो, कारण गाडी उलटताना ही शर्यत आहे की हौस असं विचारत नाही.

पाइपपेक्षाही मला बारच्या पायांनी घाबरवलं. बार सरळ फ्लोअरच्या पत्र्यावर, खाली नुसते वॉशर. भार आला की बोल्ट पत्रा फाडून खाली जातो आणि बारही त्याच्यामागे. खाली किमान ३ मिमी जाड, १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट हवी, प्रत्येक पायाला ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचे निदान तीन एम-८ (८ मिमी जाड) बोल्ट हवेत, आणि मागे तिरपे आधार हवेत. तुमच्या बारला मागे आधारच नव्हता.

चार पट्ट्यांचा हार्नेस मागितलात, तो मी नाकारला, आणि पुढेही नाकारेन. साधा तीन टोकांचा बेल्ट अंगाला थोडं वाकू देतो. हार्नेस माणसाला ताठ बांधून ठेवतो, आणि डोक्यावर काही नसेल तर ताठ बांधलेला माणूस म्हणजेच हूप.

हे सगळं मुंबईत तपासायचं कारण साधं आहे. आपल्याकडे ट्रॅक नाही. फ्लॅटबेडवर चेन्नईपर्यंत १३०० किलोमीटर गाडी नेऊन तिथे ट्रॅकच्या तोंडाशी नापास झाली असती तर मला अर्धाही स्टार मिळाला नसता.

आता उपाय. पहिला, स्वस्त. तुमच्या सीटला खाली मोटर आणि रेल आहे. त्याऐवजी खोल फिक्स्ड बकेट, म्हणजे न हलणारी खोलगट सीट, बसवली तर माणूस बराच खाली जातो, कदाचित बारची गरजच पडणार नाही. दुसरा, नीट बनवलेला बोल्टचा बार, डोक्याजवळ कडक फोमसकट. तो ट्रॅकहून आल्यावर काढून ठेवायचा. एक तर रस्त्यावर हेल्मेट नसतं आणि पाठून धडक बसली तर तोच पाइप डोक्याला लागतो. दुसरं म्हणजे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत कायमचा फेरफार करून आरटीओशी वाद घालायची माझी इच्छा नाही.

शनिवारी अकरानंतर या, गर्दी कमी असते. एक बकेट सीट माझ्याकडे पडून आहे, ती नुसती ठेवून दांडा पुन्हा लावू, पैसे नकोत. हेल्मेट तुमचंच आणा, आमचं तुम्हाला घट्ट होत होतं आणि मोजमाप त्याने चुकतं. स्टेनलेसचा बारही घेऊन या, त्या भोकात रबरी बूच बसवून देतो.