‘बँकेत पैसे काढले नाहीत तर क्रिप्टोवर टॅक्स नाही’ हा मेसेज पुढं पाठवू नका

पंधरा दिवस झाले, सोलापुरातल्या कुठल्याही ग्रुपवर जा, तोच मेसेज. गारमेंटवाल्यांच्या ग्रुपवर, आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटीत, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर पण. त्यात म्हटलंय की क्रिप्टोचे पैसे बँकेत काढले तरच टॅक्स लागतो, 1 टक्का टीडीएस (विकतानाच कापून घेतात ती रक्कम) कापला की विषय संपला, एका कॉईनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होतो, 12 लाखांपर्यंत काहीच भरायचं नाही, आणि रक्कम मोठी असली तर बायकोच्या नावावर घ्या. मी नवी पेठेत एका टॅक्स कन्सल्टंटकडं रिटर्न भरायचं काम करतो, आणि खरं सांगतो, यातली एक पण गोष्ट बरोबर नाही.

आधी तोट्याचंच घेतो, कारण पोरं सगळ्यात जास्त तिथंच फसतायत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला एक पोरगा आमच्याकडं आला, म्हणला दादा यंदा मला लॉसच झालाय, मग रिटर्नमध्ये दाखवायचं काय. स्टेटमेंट काढून बघितलं तर बिटकॉईनमध्ये 1,20,000 नफा आणि दुसऱ्या दोन कॉईनमध्ये मिळून 1,50,000 तोटा, म्हणजे घरातून गेले 30,000. त्याचा हिशोब त्याच्या जागी बरोबरच होता, शेअरमध्ये आपण असंच करतो की. पण क्रिप्टोला 2022 च्या बजेटमध्ये वेगळं कलम आलं, 115बीबीएच, आणि त्यात तोटा कशातूनच वजा होत नाही, ना पगारातून, ना धंद्यातून, ना दुसऱ्या कॉईनच्या नफ्यातून, आणि पुढच्या वर्षी पण ओढता येत नाही. रिटर्नमध्ये व्हीडीए, म्हणजे क्रिप्टोसारख्या डिजिटल मालमत्तेचा, तक्ता असतो, त्यात एकेक व्यवहार भरायचा आणि तोट्याच्या ओळीत शून्य टाकायचं असं तिथंच लिहिलेलं आहे. मग टॅक्स बसला पूर्ण 1,20,000 वर, 30 टक्क्यांनी 36,000 आणि त्यावर 4 टक्के सेस 1,440, एकूण 37,440. तोटा 30,000 चा आणि वरून हे. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मला स्वतःला हा नियम लई अन्यायाचा वाटतो आणि तो बदलायला पाहिजे, पण बदलेपर्यंत कायदा हाच आहे आणि मेसेज वाचून तो बदलत नाही.

खर्चाचं पण तसंच. फक्त खरेदीची किंमत वजा होते. क्लासची फी, लॅपटॉप, इंटरनेट, काही नाही.

आता बँकेचं. कायदा बघतो ते विकलं कधी, पैसे खात्यात आले कधी ते नाही. विकून पैसे ॲपच्या वॉलेटमध्येच ठेवले तरी त्या वर्षाचं उत्पन्न धरलं जातं. आणि एक कॉईन देऊन दुसरा घेतला, समजा बिटकॉईन देऊन इथेरियम किंवा यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेला कॉईन) घेतलं, तर ते पण विकल्यासारखंच, त्या दिवशीच्या भावानं नफा काढायचा. नुसतं घेऊन ठेवलं आणि भाव वाढला तर मात्र टॅक्स नाही, मेसेजवाल्यानं हेच कुठंतरी अर्धं ऐकलेलं असणार.

टीडीएस म्हणजे टॅक्स नाही, ॲडव्हान्स आहे. 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का कापतात, नफ्यावर नाही, म्हणून तोट्यात विकलं तरी कापला जातो. 60,000 ला घेतलेलं 1 लाखाला विकलं तर टीडीएस 1,000, पण 40,000 नफ्यावर टॅक्स सेस धरून 12,480, म्हणजे 11,480 अजून तुम्हीच भरायचेत. उलट कापलेला जास्त असेल तर परत मिळतो, पण रिटर्न भरला तरच. आणि हा कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर एआयएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याकडं असलेल्या तुमच्या व्यवहारांच्या यादीत, दिसतो, तेव्हा ‘त्यांना काय कळतंय’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून स्वतःचं एआयएस उघडावं.

12 लाखांची गोष्ट 2025-26 पासूनच्या नव्या टॅक्स रिजिममधल्या रिबेटची, म्हणजे टॅक्समधल्या माफीची आहे, आणि तो रिबेट असल्या खास दराच्या उत्पन्नाला मिळत नाही. पगार 7 लाख असेल तर पगारावर शून्य, पण क्रिप्टोचा नफा 50,000 असेल तर 15,600 भरावेच लागतात. इंजिनिअरिंगच्या पोरांनी तर हे नीट वाचा, तुमचं दुसरं काहीच उत्पन्न नसलं तरी बेसिक सूट इथं चालत नाही, 10,000 नफ्यावर पण 3,120. आणि नोकरीवाले ‘सहज’ म्हणजे आयटीआर-1 भरतात ना, त्यात हा तक्ताच नाही, आयटीआर-2 किंवा धंदा असेल तर 3 घ्यावा लागतो.

राहिलं बायकोच्या नावाचं. तिच्या स्वतःच्या पैशातनं घेतलं तर उत्पन्न तिचं. पण तुम्ही नुसते पैसे दिले आणि तिच्या खात्यावरनं घेतलं तर त्यातला नफा परत तुमच्याच उत्पन्नात धरतात, क्लबिंग म्हणतात त्याला, आणि ही तरतूद फार जुनी आहे.

मागच्या वर्षांत दाखवायचं राहून गेलं असेल तर घाबरून गप्प बसू नका. अपडेटेड रिटर्न आता असेसमेंट वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत भरता येतो, पहिल्या वर्षात टॅक्स आणि व्याजाच्या वर 25 टक्के जादा, मग 50, 60, 70 असं वाढत जातं. त्या टॉवेलवाल्या पोराचं त्याच्या आधीचं पण एक वर्ष राहिलंय. ॲपमधनं दोन्ही वर्षांचा ट्रेड रिपोर्ट काढून घेऊन ये म्हटलंय, शनिवारी बसून भरणार आहोत.