ठेच्याने टायफॉइड मरत नाही भो

ग्रुपवर फिरणारा तो मेसेज आता आमच्या मावशीपर्यंत पोचला. टायफॉइड फक्त पाण्यातून होतो, तिखट जेवणात जंतू टिकत नाही, बर्फात मरतो, आणि ताप उतरला की माणूस मोकळा. एरवी सोडून दिलं असतं, पण त्याच जोरावर ती आत्ताच टायफॉइडमधून उठलेल्या पोराला भरीत पार्टीत कांदा-कोथिंबीर कापायला बसवणारे.

पाण्याचं अर्धं खरंय, मान्य. पण हा जंतू राहतो माणसाच्याच पोटात आणि बाहेर पडतो संडासवाटे, मग तो पाण्यात जातो तसाच साबणाने न धुतलेल्या हातावरून जेवणातही जातो.

तिखटाचं तर काय बोलावं! मिरचीने जंतू मेला असता तर आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारात टायफॉइडचं नावच राहिलं नसतं. शेवभाजीचा रस्सा खळखळ उकळतो म्हणून त्यातला जंतू मरतो, तिखटाने नाही. भरताची वांगी काड्यांवर पार काळी होईस्तोवर भाजतात, तिथंही काही राहत नाही. पण नंतर वरून कच्ची कोथिंबीर पडते, बाजूला कांद्याची पात, मुळा, टमाटे, ते सगळं कोणाच्या हातचं?

आणि ताप उतरला की मोकळा, हे सगळ्यात घातक. न्यूयॉर्कची मेरी मॅलन ही स्वयंपाकीण, स्वतः धडधाकट, पण 1906 च्या उन्हाळ्यात ती कामाला होती त्या घरातल्या 11 पैकी 6 जणांना टायफॉइड झाला. संशय गेला तिच्या हातच्या आइस्क्रीमवर, त्यात कच्चे पीच कापून घातलेले, म्हणजे शिजवायचा प्रश्नच नाही. तिला पकडून वेगळं ठेवलं, मग परत स्वयंपाक करणार नाही या बोलीवर सोडलं, तर 1915 मध्ये बाई बाळंतिणींच्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये सापडली, तिथे 25 जण आजारी पडलेले. बहुतेकांच्या पोटातून जंतू काही आठवड्यांत जातो, पण थोड्यांच्या पित्ताशयात तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं बसतो आणि त्यांना कळतही नाही. म्हणून पोराला वांगी भाजू द्या, विळीवर नको, आणि गोळ्यांचा कोर्स मधेच सोडला तर ताप उलटतो तेही त्याला सांगा.

बर्फाचं एका ओळीत, थंडीने हा जंतू मरेलच असं नाही, रसवंतीवर ग्लासात पडणारा बर्फ कुठल्या पाण्याचा ते रसवाल्यालाही माहीत नसतं, बिनबर्फाचा मागा.