एकच सॉफ्टवेअर सक्तीचं केलं तर? एका डॉक्टर वाचकाला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

इंटरफेस इंजिनवरच्या, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मेसेजची ने-आण करणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरवरच्या, माझ्या लेखाचा तुम्ही चांगलाच समाचार घेतलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हॉस्पिटलचं एचआयएस (रुग्णांच्या नोंदी सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर) आणि लॅबचं सॉफ्टवेअर यांचं पटत नाही म्हणून मध्ये तिसरं सॉफ्टवेअर बसवणं ही निव्वळ मलमपट्टी. सरकारने सगळ्यांना एकच प्रणाली सक्तीची करावी. ते जमत नसेल तर आरोग्यमाहितीच्या देवाणघेवाणीचं फायर हे नवं मानक आहेच, मग मधल्या दलालाला पैसे कशाला? आणि जाता जाता टोला: 'तुमचं लाडकं फुकटचं मिर्थसुद्धा आता विकत झालं.'

टोला बरोबर बसलाय, त्यामुळे आधी तो. मिर्थ कनेक्ट हे असंच एक इंटरफेस इंजिन. नेक्स्टजेन कंपनीने २०२५ मध्ये त्याचा ४.६ पासून पुढचा परवाना विकतचा केला. त्याआधीच्या आवृत्त्या मात्र मोझिलाच्या खुल्या परवान्याखाली आहेत, त्या कोणी परत काढून घेऊ शकत नाही. त्याच कोडवर ओपन इंटिग्रेशन इंजिन हा वेगळा प्रकल्प सुरू झालाय. मला काळजी वाटते ती वर्षानुवर्षं जुनी आवृत्ती तशीच चालू ठेवणाऱ्यांची. ४.४.१ च्या आधीच्या मिर्थमध्ये लॉगिन न करताही सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत कोणाकडे ते बसवलेलं असेल, तर आवृत्ती आजच बघून घ्या.

आता एकच प्रणाली. इंग्लंडने २००२ मध्ये जवळपास हेच करायला घेतलं. देशाचे विभाग पाडले, विभागवार कंत्राटं दिली, ठरावीक एक-दोन सॉफ्टवेअर सगळ्या हॉस्पिटलांत बसवायची ठरवली. सहा अब्ज पौंडांहून जास्त खर्च झाल्यावर २०११ मध्ये सरकारनेच तो कार्यक्रम मोडीत काढला. त्यातलं टिकलं काय? एक्स-रे, स्कॅन साठवण्याची पॅक्स यंत्रणा आणि 'स्पाइन', म्हणजे वेगवेगळ्या प्रणालींना एकमेकांशी बोलायला दिलेला सामाईक कणा. सगळ्यांच्या टेबलावर एकच स्क्रीन आणायचा भाग कोसळला, मधला भाग आजही चालतोय.

फायरबद्दल मात्र तुमच्याशी खरं भांडण आहे. ग्रॅहम ग्रीव्ह या ऑस्ट्रेलियन माणसाने २०११ च्या सुमारास मांडलेली ही कल्पना उत्तमच. जुन्या एचएल सेव्हन मानकाच्या मेसेजमधल्या, रकाने वेगळे करणाऱ्या उभ्या दांड्या मोजत बसण्यापेक्षा तिच्यात काम करणं कितीतरी सुखाचं. पण ती मजकूर कसा मांडायचा ते ठरवते. मजकुरात काय भरायचं, ते शेवटी लॅबमधला कोणीतरी ठरवतो.

तुमच्याच रोजच्या कामातलं घ्या. लॅबकडून ग्लुकोज ५.५ आलं, एककाची जागा रिकामी, आणि समोरच्या प्रणालीने सवयीप्रमाणे 'मिग्रॅ प्रति डेसिलिटर' छापलं. मुळात ते मिलिमोल होतं, म्हणजे साधारण ९९ मिग्रॅ, अगदी नॉर्मल. ही चूक पकडली जाते, कारण साखर ५.५ मिग्रॅ असलेला रुग्ण ओपीडीत गप्पा मारत बसत नाही. खरी भीती डी-डायमरसारख्या टेस्टची (रक्तात गुठळी झाल्याचा संशय तपासणारी). एक लॅब तो एफईयू या एककात देते, दुसरी डीडीयू या एककात, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट. मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम हे एफईयूमध्ये ५०० च्या नेहमीच्या मर्यादेच्या आत, डीडीयूमध्ये २५० च्या मर्यादेच्या बाहेर. आकडा दोन्हीकडे तितकाच शहाणा दिसतो, कोणी ओरडत नाही. लॉइंक या टेस्टच्या जागतिक कोडयादीत या दोघांना वेगवेगळे कोड आहेत आणि फायरमध्ये तो कोड लिहायला जागा आहे. पण लॅबच्या 'डीडीआय' नावाच्या टेस्टला त्यातला कोणता कोड लावायचा, हे किटची माहितीपत्रिका उघडून माणसालाच बघावं लागतं. आम्ही मॅपिंग म्हणतो ते हेच, आणि माझ्या बिलातले बहुतेक तास त्याचेच असतात.

रुग्णाची ओळख हा तर स्वतंत्र ताप. नाव आणि जन्मतारीख जुळवून रुग्ण शोधायचा म्हटलं, की आपल्याकडे १ जून आडवा येतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेल्या त्या तारखेला निम्मी पिढी जन्मलीय! त्यात एका केसपेपरवर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं. रिसेप्शनवर कोणाच्या तरी लक्षात आलं आणि दोन नंबर एकत्र केले, की एचआयएसने ए-४० हा, 'हे दोन नंबर आता एकच' असं सांगणारा मेसेज सगळ्यांना पाठवायचा असतो. लॅबच्या सॉफ्टवेअरला तो कळत नसेल, तर पुढचे रिपोर्ट बंद झालेल्या नंबरावरच जमा होत राहतात.

'आभा आलंय ना आता?' असंही तुम्ही विचारलंत. आलंय, म्हणजे प्रत्येकाला सरकारी आरोग्य-नंबर. त्याची फायर प्रोफाइल्स, म्हणजे फायर आपल्याकडे कसं वापरायचं याचे नियम, पुण्यात सी-डॅकमधल्या केंद्रातच तयार होतात. चौदा आकडी नंबराने ओळखीचा प्रश्न बराच हलका होईल, ज्यांनी तो काढला आणि जोडला त्यांच्यापुरता. पण त्या नियमांत स्कॅन केलेला कागदही पीडीएफ म्हणून फायरच्या वेष्टनात घालून पाठवता येतो. नियमात पूर्ण बसतं, आणि तरी त्यातल्या क्रिएटिनिनचा आलेख कोणालाच काढता येत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. तीस खाटा, एक एचआयएस, आवारातली एकच लॅब हे तुमचं चित्र असेल, तर इंजिन घेऊच नका. दोन सॉफ्टवेअरमध्ये सरळ जोडणी पुरते. सात प्रणाली एकमेकींना थेट जोडायच्या म्हटल्या, तर एकवीस जोडण्या सांभाळाव्या लागतात. इंजिनचा विचार तेव्हा करायचा.

मात्र सरळ जोडणीच्या करारातही तीन गोष्टी लिहून घ्या. एककाशिवाय आलेला रिपोर्ट स्वीकारायचा नाही, अडवायचा. ए-४० दोन्हीकडे चालतो हे खोट्या रुग्णावर तुमच्यासमोर करून दाखवायचं. आणि अडकलेल्या मेसेजांची यादी रोज सकाळी कोण बघणार, त्याचं नाव. समोरून पोच आली म्हणजे मेसेज पोहोचला एवढंच. तो योग्य रुग्णाच्या फाइलला लागला की नाही, ते त्या पोचेत लिहिलेलं नसतं. व्हेंडर तिसऱ्या गोष्टीवर हमखास कुरकुर करेल, कारण तिथे त्याला रोज एक माणूस द्यावा लागतो.