एक सोडून एक

१९९१च्या दिवाळीत मोठे मामा मस्कतहून आले, तेव्हा आमच्या अमळनेरच्या घरात दोन वस्तू उतरल्या: खजुराची पेटी आणि सेगाचा मेगा ड्राइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. खजूर आठवड्यात संपले. मेगा ड्राइव्ह माळ्यावर, जुन्या गाद्यांखाली, आजवर तग धरून होता.

त्याच्या कपाळावर ठसठशीत 'स्टिरिओ साउंड' लिहिलंय. लहानपणी मी त्यावर विश्वास ठेवला. यंदा उन्हाळ्यात माळा आवरताना खरा प्रकार कळला. स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगवेगळा, आहे, पण फक्त पुढच्या हेडफोनच्या भोकात. मागच्या गोल सॉकेटातून टीव्हीकडे जातो तो आवाज मोनो, दोन्हींचा मिळून एकच. सॉकेटाला पाय आठ. चित्राला एक, लाल-हिरव्या-निळ्याला तीन, मग चित्र जागेवर धरणारं सिंक, पाच व्होल्ट, ग्राउंड, आणि आवाजाच्या वाट्याला मोजून एक. पत्रिकेत 'शाही भोजन' आणि पंगतीत वरण-बट्टी, तसला प्रकार. (वरण-बट्टीला मी नावं ठेवत नाही. मला खानदेशातच राहायचंय.)

आत यामाहाची चिप आहे. तिचे सहा आवाज. प्रत्येक डावीकडे पाठवायचा, उजवीकडे की दोन्हीकडे, हे वेगवेगळं ठरवता येतं. एवढं करून मागच्या दाराशी सगळ्यांची एकच मोट बांधायची? मला हा अन्याय वाटला. चाळिशीनंतर माणसाला कशातही अन्याय दिसतो.

सोपा उपाय होता. पुढच्या भोकात वायर खोचायची, दुसरं टोक गाण्यांच्या डेकला. शेजारच्या पोऱ्यानं तो सांगितलाही. "पुढून वायर लोंबलेली बरी दिसते का?" असं मी त्याला सुनावलं. त्या वेळी आमच्या कूलरची वायर खिडकीतून निघून, देवघराला वळसा घालून दारामागे गेलेली होती.

ठरलं असं: मोनोच्या पायाचा पट्टा ब्लेडने तोडायचा आणि तिथे डावा आवाज आणायचा. आमचा टीव्ही पिवळ्या पिनेवर चालतो, त्याला रंगांचे तीन पाय लागतच नाहीत. त्यातला एक सोडवून तिथे उजवा. मग आठ पिनांचा प्लग हवा. सकाळची गाडी पकडून जळगाव गाठलं, गोलाणी मार्केटचे जिने चढलो-उतरलो. एका दुकानदारानं पाच पिनांचा प्लग पुढे केला. "आठचं काय करता भाऊ? पाचमध्ये भागवा ना." भाजीवालाही इतक्या मायेनं कमी घ्यायला सांगत नाही. आठचा चौथ्या दुकानात मिळाला.

वैशाखातली दुपार, अमळनेर, पंखा बंद. पंखा लावला की सोल्डरची गन गार होते. कपाळावरचा घाम बोर्डावर टपकू नये म्हणून मी डोक्याला पंचा बांधलेला. प्लगची एकेक पिन तांदळाच्या दाण्याएवढी. डाग द्यावा तर भोवतालचं प्लास्टिक पाघळतं आणि पिन शेजारणीकडे कलते. प्लग सॉकेटात बसवून डाग दिला की पिना जागच्या हलत नाहीत, ही अक्कल पाचव्या पिनेला आली.

आईनं दारातून पाहिलं. "चांगलं होतं ते कसाले फोडं रे?"

"फोडलं नाही आई, दोन आवाज करतोय."

"घरमा आवाज कमी शेतस का?"

संध्याकाळी जोडलं. पडदा काळा, आतून नुसती घरघर. बाबांनी चष्मा वर केला. "टीव्हीचा रेडिओ झाला म्हणायचा. जळगाव आकाशवाणी लागते का बघ." प्लगचा नकाशा मी समोरून पाहिला होता आणि डाग मागून दिले होते. सगळं आरशातल्यासारखं उलटं. पुन्हा पंचा, पुन्हा पंखा बंद.

दुसऱ्या दिवशी चित्र आलं. सोनिकचा १९९१चा पहिला खेळ लावला. त्यात कड्या गोळा करताना एक डाव्या बाजूला वाजते, पुढची उजव्या. मी कान टवकारले. टिंग. मग काहीच नाही. टिंग. काहीच नाही. बोरीच्या पात्रातून सखाराम महाराजांच्या यात्रेचे भोंगे येत होते, म्हणून आधी त्यांच्यावर संशय घेतला. मग टीव्हीमागे वाकलो. चित्राची पिवळी पिन, आवाजाची पांढरी पिन. लाल पिनेला भोकच नाही. टीव्हीच मोनो. उजव्या बाजूच्या तमाम कड्या माझ्या हातात लाल प्लग होऊन लोंबत होत्या.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पहिले तं आख्ख्या वाजेत ना रे?"

डेक काढला. त्याचा एक स्पीकर उंदरांनी खाल्लेला.

सोमवारी पुन्हा सकाळची गाडी, पुन्हा गोलाणी. पाच पिनवाल्यानं लांबूनच ओळखलं.

"या, आठ पिनवाले! आता काय?"

मी आवाज खाली आणला. "डाव्या-उजव्या दोन वायरींची एक करायची आहे."

"म्हणजे मोनो?" त्यानं न पाहताच मागच्या खोक्यात हात घातला. "चाळीस रुपये. सुट्टे द्या."