कमरेच्या इंजेक्शनात 'विष' मिसळतात म्हणे, त्या मेसेजला उत्तर

सोलापुरात सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. गुडघा, मांडी, हर्निया असल्या ऑपरेशनला कमरेत एपिड्युरल भूल (मणक्यातल्या नसांभोवती सुईनं किंवा बारीक नळीनं औषध सोडून दिलेली भूल) देताना डॉक्टर त्यात फेंटानिल (अफूच्या जातीचं तेज वेदनाशामक) घालतात, अमेरिकेत माणसं मारणारं तेच औषध, त्यानं व्यसन लागतं. नाहीतर डेक्समेडिटोमिडीन (शांत झोप आणणारं, वेदना कमी करणारं औषध) घालतात त्यानं हार्ट बंद पडतं. नुसत्या भुलीनं भागतं, बाकी सगळं बिल फुगवायला आहे, म्हणून 'फक्त भूल द्या' असं लिहून घ्या. मी इथंच भूल देण्याचं काम करते आणि आता पेशंट टेबलावर बसल्यावर हे विचारायला लागलेत, म्हणून लिहिते.

आधी 'नुसत्या भुलीनं भागतं' हे घेते, कारण सगळी गडबड तिथंच आहे. बधिर करणारं मुख्य औषध ब्युपिव्हाकेन. समजा बिडी वळून वळून गुडघे गेलेल्या पन्नास किलोच्या मावशी आहेत, त्यांना 0.5 टक्क्याचं 20 मिली दिलं की 100 मिलिग्रॅम झालं, म्हणजे किलोला 2 मिलिग्रॅम, आता याच्यापुढं फार हात सैल सोडता येत नाही कारण हेच औषध रक्तात जास्त गेलं तर हृदयाला घातक, आणि ते हृदय परत ताळ्यावर आणणं लई अवघड असतं. मग भूल दाट करायची, जास्त वेळ टिकवायची तर करायचं काय? दुसऱ्या वाटेनं काम करणारं थोडंसं औषध जोडायचं. ब्युपिव्हाकेन नसांमधून जाणारा संदेश अडवतं, फेंटानिल मज्जारज्जूतच वेदनेचा जोर कमी करतं, दोन्ही मिळून कमी डोसात काम होतं.

आता व्यसन. एपिड्युरलमध्ये फेंटानिल साधारण 50 ते 100 मायक्रोग्रॅम जातं, मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, तेही ऑपरेशनपुरतं आणि मॉनिटर लावून. अमेरिकेतले बहुतेक मृत्यू चोरून बनवलेल्या, दुसऱ्या नशेत मिसळलेल्या, मापाचा पत्ता नसलेल्या फेंटानिलचे आहेत. एका डोसानं व्यसन लागत नाही. खाज येते, मळमळतं, कधी लघवी अडते, हे खरं आहे आणि आम्ही सांगायलाच पाहिजे.

डेक्समेडिटोमिडीनच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. त्यानं नाडी मंद होते, बीपी उतरतं. पण म्हणून हार्ट बंद पडतं असं नाही, नाडी फार खाली गेली तर नाडी वाढवणारं अॅट्रोपिन भरून हाताशी ठेवलेलं असतं. साठ किलोच्या माणसाला किलोला 1 मायक्रोग्रॅमच्या हिशोबानं 60 मायक्रोग्रॅम, अँपूल मिलीला 100 चं असेल तर फक्त 0.6 मिली, मी ते छोट्या एक मिलीच्या सिरिंजमध्येच ओढते, मोठ्या सिरिंजमध्ये अंदाजानं नाही. फेंटानिलशी तुलना केली तर याचा वेदनाशमनाचा असर सहसा जास्त वेळ टिकतो, पेशंट शांत झोपेत राहतो, उलटी-खाज कमी, थरथरही कमी. तोंड कोरडं पडतं. क्लोनिडीन याच जातीचं, जुनं, पण इतकं नेमकं काम करत नाही. आणि एक गोष्ट लपवायची नाही: हे औषध 1999 मध्ये अमेरिकेत आयसीयूतल्या झोपेसाठी मंजूर झालं, एपिड्युरलमधला वापर नंतरच्या अभ्यासांवरून आलाय, कंपनीच्या कागदावरून नाही. त्यामुळं आधीच नाडी मंद असेल, हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संदेश अडणं) असेल तर मी ते घालत नाही, फेंटानिल घेते.

मेसेज लिहिणाऱ्याला खरंच भीती घालायची होती तर फेंटानिलच्याच जातीच्या मॉर्फिनवर लिहायला पाहिजे होतं. एपिड्युरल मॉर्फिननंतर श्वास मंदावणं उशिरा, 24 तासांपर्यंतही होऊ शकतं. रात्रभर श्वास मोजायला सिस्टर नसेल अशा ठिकाणी ते देऊच नये, हे माझं ठाम मत.

बिलाचं म्हणाल तर गुडघा बदलायच्या ऑपरेशनात इम्प्लांटच्या (कृत्रिम सांध्याच्या) किमतीपुढं हे अँपूल कुठंच नाही, आणि फेंटानिल नार्कोटिक कायद्यात येतं, त्याचा हिशोब रजिस्टरला ठेवावा लागतो, उगाच कोण कशाला वापरेल?

लिहून घ्यायचंच असेल तर हे करा. अक्कलकोट, मोहोळ, बार्शी कुठूनही येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, बीपीची, रक्त पातळ करायची, सगळ्या. झोपेत जोरात घोरता का, श्वास अडकतो का, आधीच्या भुलीला काय झालं होतं ते सांगा. आणि सही करायच्या आधी भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, कमरेत काय काय घालणार आणि माझ्यासाठी तेच का.