खुलासा : ‘मापाचा कुठलाही वूफर चालतो’ हे खरं नाही

“गाडीतला कंपनीचा सबवूफर फाटला? त्याच मापाचा कुठलाही आणा, वायरी जोडा, झालं!” असा मेसेज गोव्यात फिरतोय. (सबवूफर किंवा नुसता वूफर म्हणजे खोल, घुमणारा आवाज काढणारा स्पीकर.) भोकाचं माप जुळणं हा अर्धाच भाग. ओहमही (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) जुळायला हवेत.

जुना वूफर सोडवून मल्टिमीटर (ओहम मोजायचं यंत्र) लावा. 4 ओहमची कॉइल (वूफरमधलं तारेचं वेटोळं) साधारण 3.2 ते 3.6 दाखवते, 2 ओहमची 1.6 ते 1.9. किमान 4 ओहम लागणाऱ्या अ‍ॅम्पला (वूफरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) 2 चा वूफर दिला की अ‍ॅम्प तापून बंद पडतो. उलट केलं, म्हणजे 2 ओहमच्या अ‍ॅम्पला 4 चा वूफर दिला, तर काही जळत नाही, पण ताकद जवळपास निम्मी होते, आणि मग शिव्या बिचाऱ्या वूफरला. वूफरकडे चार वायरी येत असतील, तर बहुधा दोन कॉइलींना अ‍ॅम्पचे दोन वेगळे चॅनल (आउटपुट) असतात. त्या एकत्र पिळू नका, अ‍ॅम्प जाईल.

पोलॅरिटीसाठी (प्लस-मायनस ओळखायला) सुट्या वूफरला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) बाहेर सरकला, तर सेलच्या प्लसकडचं टर्मिनल पॉझिटिव्ह.

वायरींच्या जोडांवर नुसती टेप मात्र नकोच. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवा थर धरतो आणि आवाज तुटू लागतो. जोड क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून घट्ट करा), वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.